गहुलीचे नाईक : चरित्र वाचण्याआधी

वसंतराव नाईकांचं चरित्र लिहिणाऱ्याची पहिली अडचण ही की, त्यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठावर ते आहे, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर आहे, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या महामंडळावर आहे. १ जुलै उजाडला की पंचायत समितीत कृषी दिनाचा बॅनर लागतो, फोटोला हार पडतो, दोन-चार शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळतं आणि चहा घेऊन मंडळी पांगतात. पेरणीचे दिवस असतात, कुणाला थांबायला सवड नसते. फोटोतला गृहस्थ देखणा, कपड्यांचा शौकीन, पाइप ओढणारा. हा माणूस शेतकऱ्यांचा कैवारी कसा, हे नव्या पोरांना त्या फोटोवरून कळत नाही. व्यासपीठावरच्या भाषणांतून तर त्याहून कळत नाही.

तारखा सोप्या आहेत. जन्म १ जुलै १९१३, पुसद तालुक्यातल्या गहुलीत. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. सलग अकरा वर्षांहून जास्त काळ त्या खुर्चीवर बसलेला दुसरा माणूस राज्याने पाहिलेला नाही. मृत्यू १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला. गहुली ते सिंगापूर हा पल्ला मोठा आहेच. पण गौरवग्रंथांत तो ‘खेड्यातून शिखरावर’ अशा थाटात सांगितला जातो, तेव्हा मला थोडं चुकल्यासारखं वाटतं. गहुलीचा हा मुलगा शून्यातून वर गेला नाही. तो एक कसब घरातूनच घेऊन निघाला होता, आणि ते कसब तांड्याच्या नायकाचं होतं. त्यांचं राजकारण, त्यातलं मोठेपण आणि त्यातल्या उणिवा, मला तरी याच एका दाराने आत शिरल्यावर उलगडतात.

तेव्हा थोडं तांड्याबद्दल. बंजारा म्हणजे लदेणीवर जगणारा समाज. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस जायचं, बाजारांना माल पोचवायचा, फौजांना रसद पुरवायची. मोगलांच्या फौजांना त्यांनी धान्य पुरवलं, मराठ्यांच्या फौजांना पुरवलं, इंग्रजांच्या फौजांनाही पुरवलं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. ज्या वाटेला बैलांच्या तांड्याला महिने लागत, ती दोन दिवसांची झाली. लदेणी बसली. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि फिरत्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागलं. आता कुठेतरी थांबणं भाग होतं. पण काळी कसदार जमीन आधीच गावांची होती. तांड्यांच्या वाट्याला आली ती डोंगरउतारावरची, जंगलाच्या कडेची, मुरमाड. पुसदच्या भोवतीचे डोंगर चढून गेलात तर आजही तांडे तिथेच दिसतील, गावांपासून हात राखून. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग नाईक अशाच काळात गहुलीला स्थिरावले आणि वडील फुलसिंग नाईकांनी शेती उभी केली. म्हणजे बैलाच्या पाठीवरून नांगराच्या मुठीवर येऊन या घराला जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या. शेती त्यांना सवयीची नव्हती, ठरवून शिकलेली विद्या होती. माझा समज असा, की सरावाने शेती करणाऱ्यापेक्षा शिकून शेती करणारा नवं बियाणं लवकर हाती धरतो.

तांड्यात नायकाशिवाय पान हलत नाही. सोयरिकीला त्याचा शब्द लागतो, भांडण त्याच्यापुढे येतं. न्यायसभेला नसाब म्हणतात. ती रात्र-रात्र चालते आणि नायक सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलतो. तो पुजारी नाही, पण त्याच्या अनुमतीशिवाय होळी पेटत नाही. श्रावणातल्या तीजेचं उदाहरण घ्या. तांड्यातल्या कुमारिका टोपल्यांत माती आणि खत भरून गहू पेरतात आणि रोज गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात. टोपल्या ठेवायच्या त्या नायकाच्या घरी. कोंब किती उंच आले, पिवळे पडले की हिरवे राहिले, हे नऊ दिवस सगळा तांडा त्याच्या दारात येऊन बघतो. अन्नाची आणि पिकाची जबाबदारी ज्याच्या ओसरीवर अशी मांडून ठेवलेली असते, त्या घरातलं पोर पुढे राज्याचं कृषी खातं मागून घेत असेल, तर त्यात नवल कसलं?

धर्माचा मान, नांगर आणि राजकारण एकाच माणसात येणं ही काही आपलीच खासियत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशी माणसं बरीच होऊन गेली. पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या मुलखात चर्चचा उपदेशक हाच गावाचा शिक्षक, पंच आणि पुढारी असे, आणि पोटासाठी शेती करी. इलिनॉय राज्यातल्या प्रिन्स्टन गावचे ओवेन लव्हजॉय हे त्यातलं ठळक नाव. त्यांचे भाऊ एलायजा गुलामगिरीविरुद्ध वृत्तपत्र चालवत. १८३७ मध्ये जमावाने त्यांना ठार केलं. पुढच्याच वर्षी ओवेन प्रिन्स्टनच्या चर्चचे पाद्री झाले. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी तिथे प्रवचनं दिली, शेत पिकवलं आणि दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना घरात लपवून पुढे पोचवलं. १८५४ मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि १८५६ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसवर ते निवडून गेले. पळालेल्या गुलामाला आसरा देणं हा तेव्हा गुन्हा होता, आणि या गृहस्थांनी भर सभागृहात आपल्या घराचा पत्ता सांगून, होय, मी आसरा देतो, काय करायचं ते करा, असं बजावलं. हे लव्हजॉय पुढे सभागृहाच्या कृषी समितीचे अध्यक्ष होते. १८६२ मध्ये अमेरिकेचं कृषी खातं स्थापन झालं, त्याचं विधेयक त्यांच्या हातून पुढे गेलं. त्याच वर्षी मॉरिल यांचा कायदा झाला आणि सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शेतीची महाविद्यालयं उभी राहू लागली. हे सगळं वाचकाला आडवळणाचं वाटेल. पण एकशे दोन वर्षांनी पुसद तालुक्यात जी ज्वारी पेरली गेली तिची एक मुळी थेट त्या १८६२ पर्यंत जाते. तिकडे नंतर येऊ.

फुलसिंग नाईकांनी थोरल्या राजूसिंगांना घरची शेती सांभाळायला ठेवलं आणि धाकट्याला शाळेत घातलं. तांड्यात शाळा कुठली? जवळपासच्या ज्या गावी शाळा आणि मुक्कामाची सोय, तिथे राहून शिकायचं. पुढे अमरावती, मग नागपूर. मॉरिस कॉलेजातून १९३८ मध्ये बी. ए. आणि १९४० मध्ये कायद्याची पदवी. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली गिरवले. शेतकऱ्याचं दुखणं भाषणाने बरं होत नाही, त्याला कायदा, बँक, शाळा आणि वसतिगृह लागतं, हे पंजाबरावांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला निराळं शिकवावं लागत नसे.

१९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा लमाणाचा, आणि साल एक्केचाळीस. दोन्हीकडची नाराजी वाचकाने मनाशी ताडून घ्यावी. आंतरजातीय विवाहावर व्याख्यानं देणारे पुढारी तेव्हाही पुष्कळ होते. स्वतःच्या घरात तो करून दाखवणारे बोटांवर मोजण्याइतके. वसंतरावांनी मात्र या लग्नाचं कधी भांडवल केलं नाही, आणि तांडाही सोडला नाही. ही दोन्ही टोकं त्यांनी कशी सांभाळली, हा मला त्यांच्या राजकारणापेक्षाही अवघड भाग वाटतो.

त्याच वर्षी ते पुसदला वकिली करू लागले. आपला पुसद म्हणजे पूस नदीकाठचं, चहूकडून डोंगरांनी वेढलेलं, पैनगंगेपलीकडे निजामाची हद्द असलेलं गाव. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात होता, मग यवतमाळला जोडला गेला. बंजाऱ्यांची काशी मानली जाणारी पोहरादेवी आज वाशीम जिल्ह्यात असली, तरी आपल्याला ती परकी वाटत नाही, त्याचं कारण हेच. कोर्टात येणारे दावे बांधाचे, सावकारीचे, जंगल खात्याच्या दंडाचे. काळा कोट घालून हा तरुण जे ऐकत होता तेच त्याचे वडील ओसरीवर बसून ऐकत आले होते. १९४३ ते १९४७ ते पुसद कृषी मंडळाचे अध्यक्ष होते. पुसदचं हरिजन छात्रालय आणि दिग्रसचं राष्ट्रीय छात्रालय त्यांच्याकडे होतं. १९४६ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले आणि पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळ, नाल्या, दिवाबत्ती हीच त्यांची राजकारणातली पहिली इयत्ता.

१९५२ मध्ये पुसदमधून ते तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. गुन्हेगार जमाती कायदा देशात रद्द झाला तेही याच साली. हा योगायोग चरित्रकार सहसा नोंदवत नाहीत. मला तो फार बोलका वाटतो. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि नाईक मुंबईला आले, आधी सहकार, मग कृषी. मलबार हिलवर त्यांना जो बंगला मिळाला त्याचं नाव त्यांनी ‘वर्षा’ ठेवलं. मुख्यमंत्री झाल्यावरही ते तिथेच राहिले आणि तोच पुढे मुख्यमंत्र्यांचा बंगला ठरला. टीव्हीवर ‘वर्षावर खलबतं’ अशी पट्टी फिरते, तेव्हा हे नाव पावसाची वाट पाहणाऱ्या एका वऱ्हाडी शेतकऱ्याने ठेवलंय हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

मुख्यमंत्रिपदाच्या आधीचं त्यांचं एक काम मात्र मी सगळ्यांत वर ठेवतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि जूनमध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. महसूलमंत्री नाईक तिचे अध्यक्ष होते. देशात तेव्हा बलवंतराय मेहता समितीचा बोलबाला होता आणि तिचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला आणि खरी सत्ता जिल्ह्याच्या पातळीवर द्यावी असं सांगितलं. कारण सरळ होतं. तालुक्याकडे ना पैसा, ना तज्ज्ञ माणसं. जिल्हा परिषदेला इंजिनियर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी, शेतकी अधिकारी सगळे पेलवतात. मग त्याहून धाडसाच्या दोन गोष्टी. कलेक्टरला या रचनेबाहेर ठेवायचं आणि परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा. शिवाय आमदार-खासदारांना तिचं सभासदत्व द्यायचं नाही. ज्याने महसूल खातं चालवलंय त्यानेच कलेक्टरच्या हातून शाळा, दवाखाना आणि रस्ता काढून निवडून आलेल्या माणसाकडे द्यावा, हे सोपं नव्हतं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तांड्यावरचा मास्तर, आरोग्य केंद्रातली नर्स, गुरांचा दवाखाना हे सगळं त्यातून आलं. पुढची पन्नास वर्षं राज्याला आमदार, मंत्री, मुख्यमंत्री पुरवणारी तालीमही तीच ठरली. गंमत अशी की, या तालमीतून बलदंड होऊन निघाली ती मुख्यतः गावोगावची मराठा-कुणबी घराणी. तांड्यांना त्यातला वाटा फार उशिरा आणि फार थोडा मिळाला. एका बंजारा माणसाने बांधलेल्या घरात त्याचीच माणसं बराच काळ ओसरीवर उभी होती.

१९६२ च्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्यांचं निधन झालं. बाळासाहेब सावंतांनी काही दिवस काम पाहिलं आणि ५ डिसेंबरला नाईकांचा शपथविधी झाला. त्यांची निवड का झाली याची उत्तरं अनेक दिली जातात. माझं उत्तर रोखठोक आहे : ते कुणालाच धोका वाटत नव्हते. ज्यांच्या जातीची मतं मोजून सरकार पडेल असे ते नव्हते, पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखानदारांच्या गटांत नव्हते, विदर्भाचे होते आणि चव्हाणांच्या विश्वासातले होते. फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केल्याला दहा वर्षंही झाली नव्हती. मुंबईत विदर्भाचा मुख्यमंत्री असणं महाराष्ट्रवाद्यांच्या सोयीचं होतं. तात्पुरता म्हणून बसवलेला माणूस अकरा वर्षं हलला नाही. १९६७ ची निवडणूक त्यांनी जिंकून दिली, १९७२ मध्ये तर काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, आवाज चढवायचा नाही, निर्णय शेवटी सांगायचा, ही नसाबातली रीत त्यांनी मंत्रालयात चालवली. ती चालली.

आता ज्वारी. १९६५ साल. पाऊस दगा देत होता, पाकिस्तानशी युद्ध झालं होतं, अमेरिकेचा गहू बोटीतून उतरला तर शहरांतल्या रेशन दुकानांत धान्य दिसायचं. लालबहादूर शास्त्री लोकांना आठवड्यातून एक वेळ उपाशी राहायला सांगत होते. अशा वेळी नाईक पुण्यात शनिवारवाड्यावर बोलून गेले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. इतका मोजून-मापून बोलणारा माणूस हे कसं बोलला, याचा तेव्हा अनेकांना प्रश्न पडला. त्यांच्या डोळ्यांपुढे होतं ते संकरित ज्वारीचं बियाणं, १९६४ मध्ये आलेलं सीएसएच-१.

हे बियाणं जवळून बघण्यासारखं आहे. आपली खरिपाची गावरान ज्वारी माणसाच्या दीडपट उंच वाढायची, पाच महिने शेतात उभी राहायची आणि पाऊस उघडल्यावर दाणा धरायची. भाकरी गोड, कडबा भरपूर, उतारा बेताचा. संकरित ज्वारी कमरेच्या थोडी वर, साधारण शंभर दिवसांत तयार, कणीस गच्च. तिची आईकडची ओळ अमेरिकेतून, टेक्सासच्या कणसांतून आली होती. लव्हजॉय आणि मॉरिल यांच्या काळात लावलेल्या शेतकी संशोधनाच्या झाडाचंच ते शंभर वर्षांनंतरचं फळ म्हणायचं. खत आणि पाणी वेळेवर मिळालं तर ही ज्वारी गावरानच्या कितीतरी पट पिकायची. पण दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागे, कारण घरचं बी पुन्हा पेरलं तर वाण टिकत नसे. शिवाय पाऊस संपायच्या आत ती पक्व व्हायची, त्यामुळे ऐन कापणीत झड लागली की दाणा काळा पडायचा. भाकरीला चव नाही, कडब्याला बैल तोंड लावत नाही, अशी कुरकूर घरोघर होती. तरी शेतकऱ्याने ती पेरली, कारण पोती भरत होती. नाईक शेतांवर जात, बांधावर उभे राहून खताचा हप्ता आणि ओळीतलं अंतर यावर बोलत. मुख्यमंत्र्याला ओळीतलं अंतर माहीत आहे, याचं शेतकऱ्याला भाषणापेक्षा जास्त अप्रूप होतं.

दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण झालं का? उत्पादन वाढलं हे खरं. पण काटेकोर हिशेब केला तर महाराष्ट्र पुढेही बाहेरचं धान्य घेत राहिला आणि बहात्तरमध्ये तर केंद्रापुढे हात पसरावा लागला. नाईकांच्या भक्तांनी हे मान्य करायला हरकत नाही. फाशीची भाषा सोडून दिली, तरी कोरडवाहू जिरायती शेतकऱ्याच्या धान्यावर मुख्यमंत्र्याने आपली अब्रू पणाला लावली, हे उरतंच. उसावर पणाला लावणारे त्याआधीही होते आणि नंतरही झाले.

बियाणं हवं तर ते घडवणारी विद्यापीठंही हवीत. देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला उभं राहिलं ते मॉरिल कायद्यातून निघालेल्या अमेरिकी नमुन्यावर, आणि त्याला मदत केली होती इलिनॉय विद्यापीठाने, लव्हजॉयच्याच राज्यातल्या. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ झालं. विदर्भ खवळला. मुख्यमंत्री आपला आणि विद्यापीठ नगर जिल्ह्यात, हे कुणाच्या गळी उतरेना. आंदोलन अकोल्यापासून पेटत गेलं आणि नाईकांना स्वतःच्या मुलखातल्या तरुणांचा राग सोसावा लागला. १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचं विद्यापीठ झालं. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली झाली. एका राज्यात चार कृषी विद्यापीठं ही व्यवस्था पुष्कळ प्रमाणात त्या आंदोलनाने पदरात पाडून घेतलेली आहे. ते सगळं श्रेय मुख्यमंत्र्यांच्या दूरदृष्टीला देऊ नये.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही. १९७० पासून पावसाने ओढ धरली होती, बहात्तरला कंबरडं मोडलं. गुरं विकली गेली, विहिरी आटल्या, मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्रातून माणसं मुंबई-पुण्याकडे निघाली. सरकारने फुकट धान्य वाटण्याऐवजी काम काढायचं धोरण धरलं. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पन्नास लाख! मस्टरवर नाव, मोजमाप करणारा कारकून, आठवड्याचा पगार, रेशनला लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी. बायका बाळं झाडाखाली टांगलेल्या झोळीत ठेवून खडी फोडत होत्या. कालपर्यंत पाच-पन्नास एकरांचा मालक असलेला पाटील मजुराशेजारी बसून हातोडा मारत होता, आणि ते दोघांच्याही लक्षात राहिलं. मिलोची भाकरी तुटायची, घशाखाली उतरत नव्हती. पण भूकबळींचं तांडव टळलं. जगभरच्या दुष्काळांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या वर्षीच्या महाराष्ट्राची नोंद घेतली ती यासाठी.

हे एकट्या नाईकांचं कर्तृत्व नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हाताला काम देण्याचा प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला सात वर्षं आधी सुरू केला होता. डाव्या पक्षांनी मोर्चे काढून सरकारला झोपू दिलं नाही. गावोगावच्या महसुली कारकुनांनी उन्हात उभं राहून मस्टर भरली. पण पागेंची कल्पना कागदावरून उचलून राज्यभर नेणं, खजिन्याचं काय होईल ही भीती बाजूला सारणं, हे मुख्यमंत्र्यानेच करायचं होतं आणि त्यांनी ते केलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, देशाचा २००५ मध्ये. तांड्यात कुणाची चूल पेटली नाही हे नायकाला कळलंच पाहिजे, अशी अपेक्षा असते. बहात्तरला राज्याचा एवढा मोठा तांडा झाला होता.

नायकपणाची दुसरी बाजूही याच अकरा वर्षांत दिसते. नायक तडजोड करतो आणि तडजोडीत कधीकधी भलत्याचं फावतं. १९६६ मध्ये शिवसेना निघाली. गिरणगावातल्या कम्युनिस्टांचा जोर मोडायला ती सरकारला सोयीची वाटली आणि लोक तिला ‘वसंतसेना’ म्हणू लागले. हा टोमणा निराधार होता असं मला वाटत नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दलित वस्त्यांवर जे गुदरलं त्यात पोलिसांचं वागणं सरकारला शोभणारं नव्हतं. मुंबईतल्या भराव टाकून काढलेल्या जमिनी बिल्डरांना ज्या भावाने गेल्या, त्यावर विरोधकांनी रान उठवलं. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा त्यांच्याच महसूल खात्याच्या काळातला, १९६१ चा. कागदावर तो चांगला आहे. भूमिहीनाच्या हाती प्रत्यक्ष किती जमीन पडली, हे कुठल्याही तांड्यावर जाऊन विचारावं. आणि विदर्भातलं सिंचन? १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला तेव्हा अकरा वर्षं मुख्यमंत्रिपद असलेला प्रदेश मागेच होता. रेल्वेचं तर बोलायलाच नको. पुसदकर अजून वर्धा-नांदेड मार्गाच्या कामाकडे डोळे लावून आहेत. स्वतःच्या गावाला झुकतं माप दिलं नाही म्हणून त्यांचं कौतुक करायचं की तक्रार, हे पुसदमध्ये अजून ठरलेलं नाही.

नायकपद वारशाने जातं. पुसदची विधानसभेची जागा १९५२ पासून बहुतेक काळ याच घराण्याकडे राहिली. पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं, हे चांगलंच. तरी सात दशकांत दुसरा तांडा, दुसरं घर पुढे येऊ नये, हे लोकशाही विकेंद्रीकरणाचा अहवाल लिहिणाऱ्याच्या मतदारसंघात खटकतं.

१९७५ मध्ये दिल्लीहून निरोप आला आणि नाईकांनी शंकरराव चव्हाणांसाठी खुर्ची सोडली. आदळआपट केली नाही. १९७७ च्या पडझडीतही वाशीममधून ते लोकसभेवर निवडून आले. दोन वर्षांनी गेले.

त्यांच्यानंतरचं सांगितल्याशिवाय प्रस्तावना पुरी करता येत नाही. कापसाची एकाधिकार खरेदी त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, सुरू झाली. हमीभावाचा आधार मिळाला. पुढे चुकाऱ्याला उशीर, खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा आणि तोटा असं करत ती मोडीत निघाली. १९ मार्च १९८६ रोजी आपल्याच भागातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको-मुलांसह पवनारजवळ जीव दिला. पुढे यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर कशासाठी घेतलं जाऊ लागलं ते वाचकाला सांगायला नको. त्यावर उपाय करायला सरकारने अमरावतीला जे मिशन उघडलं त्यालाही वसंतराव नाईकांचंच नाव दिलं. ज्या ज्वारीवर त्यांनी मान पणाला लावली तिचं शेत आता विदर्भात खरिपात शोधावं लागतं. सोयाबीन आणि कपाशीने रान व्यापलंय. याचा दोष १९६५ च्या मुख्यमंत्र्याला देणं अन्यायाचं आहे. पण बियाणं, खत, औषध सगळं विकत घेऊन करायची शेती त्यांनीच वाढवली आणि कोरडवाहू माणसाला त्या खर्चाच्या जोडीला पाणी मिळालं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे. चरित्रनायकावर प्रेम असलेल्याने तर नक्कीच.

एक विनंती करून थांबतो. बहात्तरच्या कामांवर राबलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. मंत्र्यांच्या आठवणी छापून झाल्या, या माणसांच्या नाहीत. ज्यांच्या घरी, तांड्यावर, शेजारी असं कुणी असेल त्यांनी त्यांच्याशेजारी तासभर बसावं. काम कुठलं, मजुरी किती, मिलो कसा शिजवला, कोण गेलं आणि कोण परत आलं, एवढं वहीत उतरवावं आणि ती वही गावच्या वाचनालयात ठेवावी. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, सांगितलं तर गोरबोलीतच लिहावं.